मेक मॉडमध्ये चिप नाही, मग बिघडणार काय? ओहमच्या नियमाची गोष्ट

सक्करदऱ्यातून आजचा एपिसोड. एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला : "दादा, मेकॅनिकल वेपमध्ये चिपच नसते. बॅटरी, बटन आणि तारेची कॉइल, बस. मग बिघडायला आहेच काय?"

उत्तरासाठी जवळपास 200 वर्षं मागे जाऊ.

1827. जर्मनीत गेओर्ग ओहम नावाच्या शाळामास्तरानं पुस्तक छापलं. म्हणणं साधं होतं : व्होल्टेज तेवढंच ठेवून रोध, म्हणजे रेझिस्टन्स, अर्धा केला की करंट दुप्पट. तेव्हा फार कोणी मनावर घेतलं नाही. 1841 मध्ये मात्र लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कॉप्ली पदक दिलं. त्याच वर्षी इंग्लंडात जेम्स जूलनं पुढचा हिशोब छापला. त्याच तारेतून दुप्पट करंट गेला, तर उष्णता चौपट!

आता तापवायला तार हवी. 1906 मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्शला निकेल-क्रोमियमच्या तारेचं पेटंट मिळालं. हीच निक्रोम. लालबुंद झाली तरी लवकर जळत नाही. घरच्या शेगडीची कॉइल याच घराण्यातली, आणि बऱ्याच वेपचीही.

बॅटरीवरच्या सिगारेटचं पेटंट हर्बर्ट गिल्बर्टला 1965 मध्येच मिळालं होतं, पण बाजारात ती चालली नाही. आजच्या ई-सिगारेटचा पाया घातला तो चीनच्या होन लिकनं, 2003 च्या सुमारास. पुढे जास्त वाफेच्या नादात शौकिनांनी चिपच काढून टाकली. तोच मेक मॉड.

आता गणित करा. फुल चार्ज सेल 4.2 व्होल्ट. कॉइल 0.5 ओहमची असेल तर करंट 8.4 अँपिअर, पॉवर साधारण 35 वॉट. कॉइल 0.1 ओहमची केली, तर 42 अँपिअर आणि 176 वॉट! बोटाएवढ्या 18650 सेलला हे सतत झेपत नाही. सेल आतून तापतो, गॅस धरतो आणि बंद नळीत फुटू शकतो. घरात शॉर्ट झालं तर एमसीबी पडतो. इथं मधे कोणीच नाही. कॉइलचा रोध हाच एकमेव लगाम, आणि तो आपणच सैल केलेला!

2018 मध्ये फ्लोरिडात असाच मेकॅनिकल वेप फुटून एकाचा जीव गेला. भारतात तर 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे.

तर भाऊ, चिप नाही म्हणजे बिघडायला काही नाही, असं नाही. बिघडलं तर थांबवायला कोणी नाही, असं आहे. ओहमचा नियम शिकायचाच असेल, तर कॉलेजच्या लॅबमध्ये शिका. तिथं फ्यूज असतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!