अल्पायुषी मालाची शिफारस

गिऱ्हाइकाची रुची ओळखून त्याच्यापुढे नेमका जिन्नस मांडण्याची विद्या संगणकाच्या हाती आली, तेव्हा ती प्रथम नाशिवंत मालावरच अजमावली गेली होती, ही गोष्ट पुढे बहुतेकांच्या विस्मरणात गेली. १९९४ मध्ये एमआयटीतील पॉल रेस्निक व मिनेसोटा विद्यापीठातील जॉन रीडल प्रभृतींनी 'ग्रुपलेन्स' ही जी व्यवस्था सिद्ध केली, ती यूजनेट या संगणकी चर्चामंचावरील लेखांसाठी होती. वाचकाने लेख वाचून एक ते पाच यांपैकी एक आकडा नोंदवावा, आणि ज्यांचे आकडे पूर्वी त्याच्या आकड्यांशी जुळले होते त्यांच्या अभिप्रायांवरून पुढचा लेख त्याला कितपत रुचेल हे आधीच वर्तवावे, अशी तिची रीत होती. परंतु जागेच्या टंचाईपायी ते लेख काही दिवसांतच पुसले जात, आणि अभिप्रायांचा पुरेसा संचय होतो न होतो तोच ज्याची शिफारस करावयाची तो लेखच गायब झालेला असे.

पुढे १९९७ मध्ये 'ईचमूव्ही' ही चित्रपटांची शिफारस करणारी व्यवस्था बंद पडली, तेव्हा तिचे दफ्तर आधाराला घेऊन मिनेसोटाच्या मंडळींनी 'मूव्हीलेन्स' सुरू केले. चित्रपट टिकतो, त्याच्यावर वर्षानुवर्षे मते साठत जातात. २००६ मध्ये नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलरांचे पारितोषिक जाहीर करून अभ्यासकांपुढे जे दहा कोटींहून अधिक अभिप्राय टाकले, तेही १७,७७० चित्रपटांविषयीचेच होते. या सोयीपायी एका संपूर्ण पिढीची अशी समजूत झाली की माल जागच्या जागी राहतो आणि बदलते ती केवळ गिऱ्हाइकाची मर्जी. खरा बाजार असा कधीच नव्हता.

वृत्तपत्री व्यवहाराने ही समजूत प्रथम मोडली. २००७ मध्ये अभिनंदन दास, मयूर दातार प्रभृतींनी गुगल न्यूजसाठी केलेल्या मांडणीत वाचकांचे गट स्थिर धरले होते, आणि प्रत्येक गटाने कोणती बातमी कितीदा उघडली याची गणना मात्र क्षणोक्षणी ताजी ठेवली होती. याहूने २०१० मध्ये आणखी धीट मार्ग पत्करला: नव्या लेखाविषयी काहीच ठाऊक नसताना तो थोड्या वाचकांपुढे हेतुपुरस्सर ठेवावा आणि त्या अल्प अनुभवावरून पुढचा निर्णय करावा.

सर्वांत बिकट प्रकरण मात्र ईबेचे. १९९५ मध्ये पिएर ओमिद्यार यांनी ही लिलावपेढी काढली, तेव्हा तेथे विकला गेलेला पहिला जिन्नस म्हणजे एक मोडका लेसर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर, घेणाऱ्याने आपण मोडके पॉइंटरच जमवतो असे कळवल्याचे सांगतात. आता या एका सौद्यावरून दुसऱ्या कोणास काय सुचवावे? ॲमेझॉनची 'हे घेणाऱ्यांनी तेही घेतले' ही प्रसिद्ध युक्ती, एकच पुस्तक सहस्रावधी लोक घेतात म्हणून चालते; फार तर दहा दिवसांच्या मुदतीने बोलीस मांडलेली, एकदाच विकली जाणारी आणि विक्रेत्याने मनास येईल त्या शब्दांत वर्णिलेली वस्तू तिला दाद देत नाही.

यावर ये चेन आणि जॉन कॅनी यांनी २०११ मध्ये जो तोडगा प्रसिद्ध केला, तो आपल्या पेढ्यांवरील मुनिमांना परका वाटला नसता. रोजकीर्दीतली नोंद त्या दिवसापुरती. तीच खतावणीत योग्य खात्यावर चढली की वर्षभर बोलू लागते. चेन-कॅनींनी वर्णनातले शब्द, वर्ग, किंमत यांवरून प्रत्येक क्षणभंगुर वस्तू एखाद्या प्रच्छन्न पण स्थिर मालाच्या नावे चढवली, आणि कोणते खाते कोणत्या खात्याबरोबर चालते याचा हिशेब विकून गेलेल्या वस्तूंवरून बांधला. वस्तू संपली तरी खाते उरले.

तथापि यंत्राने अनुमानाने खाती पाडण्यापेक्षा विक्रेत्यानेच खात्याचे नाव लिहून द्यावे, हे पेढीला अधिक किफायतीचे. २०१५ पासून ईबेने अनेक वर्गांतील नव्या मालासाठी उत्पादनाचा सार्वत्रिक क्रमांक मागण्यास आरंभ केला. त्यायोगे नोंदणीची पुष्कळशी मेहनत विक्रेत्यांच्या शिरावर गेली, ही वाटणी मला फारशी न्याय्य वाटत नाही. कारखान्याच्या मालाला क्रमांक आयताच मिळतो, आणि ज्याने वस्तू स्वहस्ते घडवली त्याला त्या रकान्यात 'लागू नाही' असे भरून द्यावे लागते.