जड मूलद्रव्यांची उत्पत्ती आणि गॅमा किरणांची साक्ष

लोखंडापर्यंतची अनेक मूलद्रव्ये ताऱ्यांच्या अंतरंगातील अणुमीलनाने सिद्ध होतात. सुवर्ण, प्लॅटिनम, युरेनियम यांची उत्पत्ती मात्र या मार्गाने होत नाही. अणुगर्भाने न्यूट्रॉन अत्यंत त्वरेने ग्रहण केल्यास ती संभवते, असे बर्बिज दांपत्य, फाउलर व हॉइल यांनी १९५७ साली प्रतिपादिले. एवढे न्यूट्रॉन कोठे लाभतात, हा प्रश्न तथापि शिल्लक राहिला. न्यूट्रॉन तारा कृष्णविवराच्या ओढीने विदीर्ण झाल्यास तसे द्रव्य अवकाशात फेकले जाईल, असे लॅटिमर व श्रॅम यांनी १९७४ साली दाखविले. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे मीलन, गॅमा किरणांचा स्फोट व जड मूलद्रव्ये यांची सांगड १९८९ साली आयक्लर आदींनी घातली.

या तर्कास निरीक्षणाचा आधार १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाला. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकेतील अशा मीलनाचे गुरुत्वीय तरंग लायगो व व्हर्गो यांनी टिपले आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहास गॅमा किरणांचा स्फोट आढळला. गोंगाटातून असे तरंग वेगळे काढण्याच्या गणितात पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर व बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या कार्यास महत्त्वाचे स्थान आहे. भारताच्या ॲस्ट्रोसॅटला मात्र तो स्फोट दिसला नाही. त्या क्षणी ती दिशा पृथ्वीच्या आड होती. पुढे पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने या घटनेच्या रेडिओ लहरी नोंदविल्या.

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. तो स्फोट मीलनातून उसळलेल्या वेगवान झोताचा होता. नवजात जड अणुगर्भांचा नव्हे. त्यांच्या किरणोत्सर्गाने तापलेल्या द्रव्याची प्रभा दुर्बिणींना दिसली आणि २०१९ साली तिच्या वर्णपटात स्ट्रॉन्शियमची खूण ओळखली गेली. परंतु अणुगर्भांच्या ऱ्हासातून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या रेषा हाती आल्या नाहीत. बाहेर फेकलेल्या द्रव्याचा वेग प्रकाशवेगाच्या दशांशाहूनही अधिक असल्याने त्या रेषा पसरट होतात, आणि अंतरामुळे अतिशय क्षीणही.

अशी गॅमा साक्ष वेगळ्याच ठिकाणी सापडली. २७ डिसेंबर २००४ रोजी आपल्याच आकाशगंगेतील एका प्रबळ चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याचा प्रचंड उद्रेक झाला. त्यानंतर काही मिनिटांनी आलेल्या गॅमा प्रारणाचा अर्थ वीस वर्षे अनुत्तरित होता. ते नवनिर्मित जड अणुगर्भांच्या ऱ्हासाचे असावे, असे २०२५ साली मांडण्यात आले. मीलनाची स्वतःची अशी साक्ष मात्र अद्याप लाभावयाची आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथील लायगो-इंडिया प्रकल्पास २०२३ साली शासकीय मंजुरी मिळाली. त्यायोगे अशा घटनांची दिशा अधिक अचूक कळेल आणि गॅमा दुर्बिणींनी कोठे पाहावे, हे सांगता येईल.