सोबतीविना क्यू

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी माझी धाकटी मुलगी मोबाइलवर शब्दांचा खेळ खेळत बसली होती. पाच अक्षरांचा एक इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. जॉश वॉर्डल या संगणक अभियंत्यानं केलेला हा 'वर्डल' २०२१मध्ये लोकांसमोर आला आणि २०२२च्या जानेवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'नं तो विकतही घेतला. तर मुलीनं विचारलं, "अब्बा, पाच अक्षरं, त्यात क्यू आहे, पण यू नाही. असा शब्द असतो का?"

"नसतो," मी ठणकावून सांगितलं. आमच्या गुरुजींनी पाचवीतच बजावलं होतं, की क्यू कधी एकटा घराबाहेर पडत नाही, यूचा हात धरूनच निघतो. क्वीन, क्विक, क्वेश्चन. बी.ए. झालो तरी त्यांच्या या वाक्यावर शंका घ्यावी असं मला कधी वाटलं नाही.

मुलीनं इंग्रजी शब्दकोश उघडला आणि एकेक शब्द वाचू लागली. फकीर, तलाक, निकाब, किबला, कनात, कोर्मा. प्रत्येकाची रोमन अक्षरं पाच. प्रत्येकात क्यू, आणि यूचा पत्ता नाही. मी थक्कच झालो. इंग्रजीत शोधायला गेलो आणि सापडली ती आमच्याच घरातली माणसं!

"अर्थ सांगा," ती म्हणाली. फकीर म्हणजे अरबीत मुळात गरीब माणूस. किबला म्हणजे नमाजाची दिशा, मक्केतल्या काबेची. निकाब म्हणजे चेहऱ्यावरचा पडदा. कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत, असं मी म्हणालो आणि तिथं फसलो. इंग्रजी कोशातली कनात म्हणजे डोंगराच्या पायथ्यापासून जमिनीखालून, हलक्या उतारानं गावात पाणी आणणारा बोगदा. ही इराणची फार जुनी विद्या. मलिक अंबरानं १६१०मध्ये खडकी वसवली आणि पुढे तिथं जमिनीखालून नहर खेळवली, ती याच कुळातली. ती खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर.

मग गुरुजींचा नियम आला कुठून? त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. क्यू हे अक्षर मुळात रोमचं नव्हेच. फिनिशियन लोकांच्या लिपीत 'कोफ' नावाचं अक्षर होतं, घशाच्या तळातून येणाऱ्या 'क'साठी. ते ग्रीकांनी घेतलं, त्यांच्याकडून इटलीतल्या एट्रस्कन लोकांनी. एट्रस्कनांनी 'क'साठी तीन अक्षरं ठेवली आणि पुढच्या स्वराप्रमाणे ती वाटून दिली. क्यूच्या वाट्याला आला 'उ'. रोमन लोकांनी ती जोडी तशीच सांभाळली. इंग्रजांना मात्र सुरुवातीला तिची गरज नव्हती. जुन्या इंग्रजीत क्वीन हा शब्द सी आणि डब्ल्यू वापरून लिहीत. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यांच्या लेखनिकांनी फ्रेंच वळण आणलं आणि क्यूला यूची सोबत कायमची लागली.

त्याच फिनिशियन अक्षराची दुसरी शाखा अरबीत गेली. उर्दू-अरबीत दोन 'क' आहेत. एक आपला नेहमीचा आणि दुसरा घशातला. तो घशातला 'काफ' म्हणजे क्यूचा सख्खा चुलतभाऊ. म्हणजे फकिरात एकटा उभा असलेला क्यू नियम मोडत नाही. तो फक्त आपल्या जुन्या घरी परतला आहे.

पण अरबी शब्द इंग्रजीत त्याआधीही गेले होते. कॉफीचं मूळ 'कहवा', कॉटनचं 'कुत्न', कॅरटचं 'कीरात'. कँडीमागे अरबी 'कंद' आहे, आणि त्याच्याही मागे आपला संस्कृत 'खंड'. मूळ अरबीत या सगळ्यांत घशातलाच 'क' आहे. हे शब्द व्यापाऱ्यांच्या तोंडून, इटालियन-फ्रेंच वाटेनं गेले आणि जाताना क्यू मागे ठेवून गेले. नंतरच्या अभ्यासकांनी अरबी लिपी रोमनमध्ये काटेकोर उतरवायची म्हणून घशातल्या 'क'साठी क्यू राखून ठेवला. म्हणून निकाब आणि किबला क्यूसकट आले. ते शुद्ध राहिले, पण पाहुणेच राहिले. कॉफीला मात्र तिचं गाव कोणी विचारत नाही.

आपल्या मराठीत तर कलम, कायदा, किल्ला, कर्ज, हक्क, किंमत, तालुका हे सगळे त्या घशातल्या 'क'चे शब्द. 'कुफ्ल'चं आपण कुलूप केलं. माझी आई नमाजात तो 'क' अगदी घशातून काढायची आणि दाराला कुलूप लावताना शेजारच्या काकूंसारखंच म्हणायची. दोन्ही उच्चार तिचेच होते.

अशा शब्दांच्या याद्या लोक पाठ करतात, हे मला मुलीनंच सांगितलं. १९३०च्या दशकातल्या मंदीत आल्फ्रेड बट्स या बेकार झालेल्या अमेरिकी वास्तुविशारदानं वृत्तपत्रांतली अक्षरं मोजून 'स्क्रॅबल'चा खेळ बेतला. त्यात क्यूची सोंगटी एकच, गुण दहा. यू मिळाला नाही की क्यू हातात अडकतो, तेव्हा हे शब्द कामाला येतात. तलाकला चौदा गुण मिळतात. मला आठवला १८ एप्रिल १९६६चा मुंबईतला मोर्चा. हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम महिला तोंडी तलाकच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या होत्या. या पाच अक्षरांची किंमत त्यांना ठाऊक होती.

एका अक्षराची किंमत मीही मोजली आहे. आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर 'क'. माझ्या इंग्रजी दाखल्यावर तिथं के लागला. थोरले भाऊ आखातात गेले, त्यांच्या पासपोर्टवर क्यू लागला. वडील गेल्यावर वारसाच्या कागदांसाठी आम्ही एका कचेरीत गेलो. कारकुनानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "तुम्ही सख्खे भाऊ कशावरून?" सातबाऱ्यावर मराठीत 'क' एकच होता, पण तो पुरेना. अखेर आम्ही एकाच बापाचे आहोत असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. तिथून बाहेर पडल्यावर दोघंही बराच वेळ बोललो नाही.

त्या संध्याकाळी मी मुलीला आणखी एक शब्द शोधायला सांगितला, काझी. तो कोशात क्यूनं होता, केनं होता आणि सीनंही होता. तिन्हींपुढे अर्थ एकच, न्याय करणारा. मी लगेच भावाला फोन लावला. म्हटलं, "भाईजान, इंग्रजी कोशाप्रमाणे तुम्हीही बरोबर आणि मीही बरोबर."

ते हसले आणि म्हणाले, "अरे, मग त्या कारकुनाच्या टेबलावर हा कोश ठेवायला हवा होता."

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)