आठाचा आग्रह

नाउन, प्रोनाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब… इंग्रजी शिकणारं प्रत्येक मूल शब्दांच्या या आठ जाती घोकतं. यादी इंग्रजीची वाटते, पण तिचं माहेर आहे ग्रीकमध्ये.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे पंडित होमरच्या जुन्या काव्यांचा अर्थ लावत होते. त्यांच्यातल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर असलेल्या छोट्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती दिल्या आहेत. त्यांत विशेषण नाही. ग्रीकमध्ये विशेषण नामासारखंच चालतं, म्हणून ते नामातच धरलं. धातुसाधिताला मात्र स्वतंत्र घर मिळालं, कारण त्यात नाम आणि क्रियापद दोघांचे गुण दिसतात. शब्दाचं रूप कसं बदलतं यावर ही वाटणी मोठ्या प्रमाणात बेतलेली होती, आणि ग्रीकपुरती ती चोख होती.

रोमनांनी ती उचलली तेव्हा अडचण आली. ग्रीक यादीतलं आर्टिकल लॅटिनमध्ये नाहीच. जाती सात उरायला लागल्या. मग ग्रीकांनी क्रियाविशेषणात बसवलेले उद्गारवाचक शब्द वेगळे काढले आणि आठ पुरे झाले! चौथ्या शतकात रोमन व्याकरणकार डोनाटसने प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेल्या पुस्तिकेतून हीच आठांची मांडणी युरोपभर पुढची हजार वर्षं शिकवली गेली.

विल्यम बुलोकरने 1586 मध्ये इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण काढलं. आपल्या भाषेलाही नियम आहेत हे त्याला दाखवायचं होतं. साचा मात्र लॅटिनचाच. वास्तविक इंग्रजीतले बहुतेक प्रत्यय तोवर झडून गेले होते. शब्दाचं काम त्याच्या रूपापेक्षा वाक्यातल्या जागेवरून कळत होतं. ‘राउंड’ हा एकच शब्द तिथे नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि प्रिपोझिशनही होतो. रूपांवर उभारलेली वाटणी अशा भाषेला अपुरी पडणारच.

1761 मध्ये जोसेफ प्रीस्टलीने, ऑक्सिजनच्या शोधामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या त्याच प्रीस्टलीने, धातुसाधित वगळून विशेषणाला स्वतंत्र जागा दिली. आठ पुन्हा आठच. पुढच्याच वर्षी रॉबर्ट लाउथने आर्टिकल धरून नऊ केले. 1795 मध्ये लिंडली मरेने तेच नऊ ठेवले आणि त्याचं पुस्तक शाळाशाळांत पोचलं.

इथे आपला संबंध येतो. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 मध्ये मुंबईत छापून निघालं, ते इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवून. मरेच्या नऊ जातींतून आर्टिकल काढा: नामापासून केवलप्रयोगीपर्यंत आपल्या शालेय व्याकरणातल्या आठ जाती हाती येतात. फक्त प्रिपोझिशनच्या जागी, नामाच्या मागून येणारं, आपलं शब्दयोगी अव्यय बसलं. संस्कृत परंपरेत मात्र यास्काने निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग, निपात अशा चारच जाती सांगितल्या होत्या. पाणिनीने सुबन्त (विभक्तिप्रत्यय लागलेली) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागलेली) या दोनांत पदं वाटली होती. ती वाट शाळेपर्यंत आली नाही.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज याने 1952 मध्ये, ध्वनिमुद्रित केलेली टेलिफोनवरची संभाषणं तपासून, इंग्रजी शब्दांचे चार मोठे वर्ग आणि पंधरा छोटे गट केले. वापरातल्या भाषेकडे पाहून केलेली ही वाटणी मला जास्त प्रामाणिक वाटते. शिक्षकांना विनंती एवढीच, की शब्दाची जात विचारण्याआधी त्याला वाक्यात ठेवा आणि तो तिथे काय करतो आहे ते मुलांना शोधू द्या.