वेडाचे कारण : गांजा

समजा, साल १८९२ आहे. एका बाजाराच्या गावात एक माणूस असंबद्ध बडबडत, अंगावरचे कपडे फाडत हिंडतो आहे. पोलीस त्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभा करतात आणि तिथून त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. (शब्द तेव्हाचा आहे, तसाच ठेवला आहे.) त्याच्याबरोबर एक छापील कागद जातो. नाव, वय, जात, धंदा असे त्यात रकाने असतात. एक रकाना असतो 'वेडाचे कारण'. आता हा रकाना भरायचा कोणी? त्या माणसाला धड सांगता येत नाही. नातेवाईक जवळ नाहीत. डॉक्टरांनी त्याला अजून पाहिलेलेही नाही. मग पोलीस जमलेल्या चार लोकांना विचारतो, "हा गांजा ओढायचा का?" कोणीतरी म्हणतो, "ओढत असेल." झाले. रकान्यात 'गांजा' असे लिहिले जाते.

इस्पितळात तो कागद नोंदवहीत उतरतो. वर्षाअखेरी नोंदवहीची बेरीज प्रांताच्या अहवालात जाते. तो अहवाल इंग्लंडपर्यंत पोचतो, तेव्हा बाजारातल्या त्या 'ओढत असेल'ची पक्की आकडेवारी झालेली असते.

माणूस मी कल्पिला आहे, कागदाचा प्रवास मात्र खरा आहे. १८९३-९४ साली एका सरकारी आयोगाने तो शोधून काढला. गांजावर आजवर जे संशोधन झाले, त्यातला हा एक पाया म्हणावा लागेल, आणि तो आपल्या देशात घातला गेला. तरी आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख सहसा सापडत नाही.

झाले असे. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विल्यम केन या सभासदाने प्रश्न विचारला. केन हे दारूबंदीचे कडवे पुरस्कर्ते होते. बंगालमधली गांजाची लागवड आणि विक्री, आणि तिचे लोकांवर होणारे परिणाम यांची चौकशी व्हावी, अशी त्यांची मागणी होती. हिंदुस्थान सरकारने चौकशी बंगालपुरती न ठेवता साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानची करायचे ठरवले आणि जुलै १८९३ मध्ये सात जणांचा 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' हा आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. सदस्यांत मुंबई इलाख्यातल्या पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी होते, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते आणि तीन भारतीय होते. ७० प्रश्नांची प्रश्नावली, ३० शहरांचा दौरा, ११९३ साक्षीदार आणि शेवटी तीन हजारांहून अधिक पानांचा अहवाल. हे सगळे साधारण वर्षभरात उरकले! मोटार नव्हती, टंकलेखन यंत्रही दुर्मिळच, हे लक्षात घ्या.

आयोगाने पहिल्यांदा वस्तू नीट वेगळ्या केल्या. भांग, गांजा आणि चरस ही तिन्ही एकाच वनस्पतीची रूपे आहेत. भांग म्हणजे पाने. ती वाटून, घोटून प्यायची. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे. ते चिलमीत ओढायचे. चरस म्हणजे राळ. ती त्या काळी मुख्यतः यारकंदहून लडाखमार्गे पंजाबात येई. गांजाची लागवड बंगालात नौगावला, मध्य प्रांतात खांडव्याला आणि आपल्याकडे नगर जिल्ह्यात होई. जीवशास्त्राच्या शिक्षकांना वर्गात सांगण्याजोगी एक गोष्ट इथे आहे. या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मादी फुलांचे परागण झाले, की झाड बी धरते आणि राळ कमी होते. म्हणून बंगालातले शेतकरी नर झाडे ओळखून उपटणारा जाणकार माणूस बोलवीत. त्याला 'पोद्दार' म्हणत. इंग्रजांनी त्याला 'गांजा डॉक्टर' असे नाव दिले. फुले उमलण्याआधीच झाड नर की मादी हे ओळखायचे म्हणजे काही सोपे काम नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गांजाने वेड लागते का? साक्षीदारांपैकी पुष्कळांना याची खात्रीच होती. कशावरून, तर इस्पितळांच्या आकडेवारीवरून. म्हणून आयोगाने १८९२ हे एक वर्ष घेतले. त्या वर्षी इस्पितळांत १३४४ रुग्ण दाखल झाले होते आणि त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून भांग-गांजा-चरस यांची नोंद होती. विद्यार्थ्यांना टक्केवारी काढू द्या : १६.५. म्हणजे दर सहांत एक. आकडा मोठा खराच. पण आयोग तिथे थांबला नाही. त्याने या प्रत्येक नोंदीची फेरतपासणी करवली. रुग्णाच्या गावी जाऊन नातेवाइकांना, शेजाऱ्यांना विचारले गेले. हा खरोखर गांजा ओढत होता का? किती? आधीपासून? घराण्यात कोणाला वेड होते का? दारू, ताप, डोक्याला मार, मिरगी?

तपासणीनंतर २२२ चे ९८ उरले. त्यांतही गांजाखेरीज दुसरे कारण नव्हते असे फक्त ६१. म्हणजे १६.५ टक्क्यांचे ४.५ टक्के झाले. बाकीच्यांपैकी काहींनी गांजाला कधी हात लावला नव्हता, काहींना आधीच वेड लागलेले होते आणि गांजा त्यानंतरचा होता. रकाना कोण आणि कसा भरतो, हे उघडकीला आले ते यातूनच. 'कारण अज्ञात' असे लिहिणे वरिष्ठांना आवडत नसे. गांजा हे उत्तर सोपे होते आणि त्यावर वरून कोणी उलट प्रश्न विचारीत नसे.

प्रयोगशाळेतही एक धडपड झाली. कलकत्त्यात डॉ. कनिंगहॅम यांनी एका माकडाला कित्येक महिने गांजाचा धूर दिला आणि नंतर त्याचा मेंदू तपासला. तुलनेसाठी आणखी माकडांना अफू आणि धोत्रा दिला. गांजाच्या माकडाच्या मेंदूत ठळक बिघाड दिसला नाही. एकेका माकडावरून निष्कर्ष काढणे आज कोणी मान्य करणार नाही, पण तुलनेसाठी दुसरे प्राणी ठेवायचे भान त्यांना होते, ते महत्त्वाचे.

आयोगाचा निष्कर्ष असा : माफक सेवनाने बहुतेकांना म्हणण्यासारखा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो आणि अतिसेवन करणारे थोडे आहेत. म्हणून सरसकट बंदी नको. बंदी घातली तर लोक दारूकडे किंवा धोत्र्याकडे वळतील आणि ते याहून वाईट. त्याऐवजी लागवडीला परवाना लावा, कर वाढवा, दुकाने कमी करा, जवळ बाळगण्याच्या मालावर मर्यादा घाला. व्यसन आजच संपत नसेल तर निदान त्यातला अपाय तरी कमी करावा, या विचाराला आज वेगळे नाव आहे. पण तो विचार या अहवालात स्पष्ट दिसतो.

यात सरकारचा स्वार्थ नव्हता का? होता. गांजावरच्या कराने तिजोरीत पैसे येत, आणि बंदी नको हा निष्कर्ष सरकारला सोयीचाच होता. दोन भारतीय सदस्यांनी, राजा शशी शेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी, मतभेदाची टिपणे जोडली, हेही विसरता कामा नये. मला स्वतःला आयोगाच्या शिफारशींपेक्षा त्या २२२ नोंदींची फेरतपासणी जास्त मोलाची वाटते. शिफारशी कोणाच्या सोयीच्या असू शकतात; तपासणीची रीत मात्र कोणालाही पडताळून पाहता येते.

मग तो रकाना कायमचा निकालात निघाला का? नाही. १९२४-२५ साली जिनीव्हाला अफूविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे इजिप्तचे प्रतिनिधी एल गिंडी यांनी चरसावरही बंदी हवी असे सांगितले आणि इजिप्तमधल्या वेडापैकी ३० ते ६० टक्के वेड चरसामुळे असते असा आकडा दिला. कैरोच्या इस्पितळाच्या नोंदी कशा भरल्या जात, हे गावोगाव जाऊन पाहायला तिथे कोणी आयोग नेमला नव्हता. १९२५ च्या करारात गांजा-चरस आले. १९६१ च्या करारात बंदी आणखी घट्ट झाली. फुलोऱ्याविना असलेली पाने मात्र गांजाच्या व्याख्येतून वगळली गेली. भारताचा अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा. त्यातही हीच व्याख्या आहे. भांग काही राज्यांत परवान्याने विकली जाते, ती यामुळेच. २००१ च्या दुरुस्तीने शिक्षा मालाच्या प्रमाणावर ठरू लागली : गांजा एक किलोपर्यंत 'अल्प', वीस किलोंच्या वर 'व्यापारी'. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले, तेव्हा भारताने त्याच्या बाजूने मत दिले होते.

पण यावरून 'गांजा निरुपद्रवी ठरला' असे कोणी विद्यार्थ्याने म्हटले, तर त्याला थांबवा. १८९४ च्या आयोगाकडे एक गोष्ट नव्हती : आजारी पडण्याआधीची माहिती. ती स्वीडनमध्ये मिळाली. तिथे १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या तरुणांना गांजाच्या सवयीविषयी विचारले होते. अशा ४५,५७० जणांचे पुढे काय झाले, ते पंधरा वर्षे पाहिले गेले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होते. इतर कारणे हिशेबात धरल्यावर हा पट बराच उतरला, पण संबंध पुसला गेला नाही. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या एका अभ्यासात, तीव्र गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकृतीची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली. 'तीव्र' म्हणजे टीएचसी हे नशेचे द्रव्य दहा टक्के किंवा त्याहून जास्त असलेला. या द्रव्याची रचनाच मुळी १९६४ साली समजली. आयोगाच्या काळी ते मोजायचे साधन नव्हते. किती, केवढ्या तीव्रतेचा, कोणत्या वयापासून, हे प्रश्न विचारल्याखेरीज 'गांजाने वेड लागते का' याला उत्तर नाही.

२०१९ मध्येच आपल्याकडे दिल्लीच्या एम्सने केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात पोलिसाने रकाना भरला नव्हता. घरोघरी जाऊन खुद्द माणसांनाच विचारले होते. १० ते ७५ वयातल्या सुमारे ३.१ कोटी लोकांनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यांत भांग पिणाऱ्यांपैकी सोळांत एक जण तिच्या आहारी गेलेला आढळला, तर गांजा-चरस ओढणाऱ्यांपैकी सातांत एक.