ग्रीनवुडची राख व वकिलाची राहुटी

सन १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांनी काळ्या गुलामांची दास्यातून सुटका केली त्यांस अर्पण केले, ही गोष्ट मराठी वाचकांस नवी नाही. परंतु आपल्याकडे त्या कथेचे पान बहुधा तेथेच मिटते. १८६५ साली कायद्याने गुलामगिरी संपली, लिंकनचा खून झाला, आणि मग एकदम मार्टिन ल्यूथर किंग! मधल्या नव्वद वर्षांत त्या मुक्त माणसांनी काय सोसले, आणि सोसल्यावर त्यांस पुन्हा उभे करणारी माणसे कोण होती, याची चौकशी आपण क्वचितच करतो. ती चौकशी एका शहरातील एका वस्तीपुरती येथे करावी असे आम्ही योजिले आहे.

ओक्लाहोमा संस्थानातील टल्सा हे तेलाच्या विहिरींवर रातोरात वाढलेले शहर. १९०७ साली ओक्लाहोमास राज्याचा दर्जा मिळाला, आणि तेथील विधिमंडळाने केलेला पहिलाच कायदा हा काळ्यागोऱ्यांनी आगगाडीत निरनिराळ्या डब्यांत बसावे असा होता! या विटाळाच्या नियमांमुळे काळ्या लोकांस गोऱ्यांच्या दुकानांत व खाणावळींत मज्जाव असे. म्हणून रेल्वेच्या रुळांपलीकडे ग्रीनवुड नावाच्या वस्तीत त्यांनी आपलीच दुकाने, नाटकगृहे, वर्तमानपत्रे, दवाखाने व देवळे उभी केली. सुमारे दहा हजार लोकांची ही वस्ती होती. जे. बी. स्ट्रॅडफर्ड यांचे चौपन्न खोल्यांचे हॉटेल तेथे होते. माउंट झायन नावाचे बाप्टिस्ट देऊळ तर १९२१ च्या एप्रिलात नुकतेच बांधून पुरे झाले होते. ज्या बहिष्काराने माणसे खचावयाची, त्यानेच त्यांच्या हाती व्यापार दिला, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

त्याच वर्षीच्या ३० मे रोजी डिक रोलंड नावाच्या बूटपॉलिश करणाऱ्या एका काळ्या तरुणाने पाळण्यात, म्हणजे लिफ्टमध्ये, तो पाळणा चालविणाऱ्या गोऱ्या मुलीवर हात टाकला अशी आवई उठली. दुसऱ्या दिवशी त्यास अटक झाली. सायंकाळी कचेरीपुढे गोऱ्यांचा जमाव गोळा झाला. असा जमाव जमला म्हणजे कैद्यास फासावर लटकविल्यावाचून तो परतत नाही, हे ग्रीनवुडच्या लोकांस पुरते ठाऊक होते. त्यांतील काही, महायुद्धातून परत आलेले शिपाईही त्यांत होते, हत्यारे घेऊन कैद्याच्या रक्षणास गेले. झटापटीत बार उडाला, आणि मग १ जूनच्या दुपारपर्यंत जे घडले त्यास दंगल हे नाव देणे म्हणजे शब्दाचा दुरुपयोग आहे. सुमारे पस्तीस चौकांतील इमारती जळाल्या. रेडक्रॉसच्या मोजणीप्रमाणे १,२५६ घरे भस्म झाली व आणखी २१५ लुटली गेली. मृतांचा सरकारी आकडा ३६. इतिहासकार तो शंभरापासून तीनशेपर्यंत मानतात. सहा हजारांवर काळ्या स्त्रीपुरुषांस सभागृहात, मैदानांत कोंडण्यात आले, आणि कोणी गोरा जामीन राहील तरच त्यांची सुटका होई. रोलंडवरील आरोप पुढे काढून घेण्यात आला, हे वेगळे सांगावयास नकोच.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळू. वस्तीचे पुढारी म्हणून ज्यांची नावे घेतली जात, त्यांची काय अवस्था झाली? ए. सी. जॅक्सन हे नामांकित शस्त्रवैद्य हात वर करून घराबाहेर आले असता गोळीस बळी पडले. स्ट्रॅडफर्ड यांच्यावर दंगलीचा आरोप ठेवण्यात आला. ते शिकागोस निघून गेले, व तो आरोप १९९६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, मागे घेतला गेला. पुढारीपण येऊन पडले ते बक कोल्बर्ट फ्रँकलिन नावाच्या बेचाळीस वर्षांच्या वकिलावर. त्यास टल्सास येऊन थोडेच महिने झाले होते. बायकामुले अद्याप रेंटीसव्हिल या खेड्यात होती व लवकरच त्यांनी यावे असे ठरले होते. त्याचे बिऱ्हाड व कचेरी दोन्ही जळाली. त्यासही इतरांबरोबर कोंडण्यात आले होते. सुटून आल्यावर त्याने स्पिअर्स या सोबत्यासह राखेवर एक राहुटी ठोकली, आत मेज व टंकलेखन यंत्र ठेवले, आणि वकिली सुरू केली. त्या राहुटीचे छायाचित्र आजही पाहावयास मिळते.

ती राहुटी कशासाठी हवी होती ते पाहा. आग विझून आठवडा लोटला नाही तोच, ७ जूनला, नगरपालिकेने ठराव केला की त्या भागात यापुढे इमारत बांधणे ती अग्निरोधक सामानाची व किमान दोन मजल्यांची असली पाहिजे! बाह्यतः केवढी ही काळजी! परंतु ज्याच्या अंगावरच्या कपड्यावाचून काही उरले नाही त्याने पोलाद व काँक्रीट कोठून आणावयाचे? जमीन विकून निघून जावे, व रुळांलगतची ती मोक्याची जागा कारखान्यांस मिळावी, हा त्यातला डाव होता. फ्रँकलिन व त्याच्या सहकाऱ्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि त्याच वर्षी तो ठराव रद्द करून घेतला. निकालाची वाट पाहत न बसता, मिळेल त्या फळकुटांनी घरे बांधावयास लागा, पकडले तर आम्ही सोडवू, असाही सल्ला त्यांनी अशिलांस दिला होता.

आमच्या मते या एका सल्ल्यात फ्रँकलिनचे सारे शहाणपण आहे. आघाताने खचलेल्या समाजाचे पुढारीपण कसे करावे, यावर अलीकडे मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्युडिथ हर्मन या अमेरिकन बाईंचा १९९२ सालचा ग्रंथ त्यात प्रमुख होय. आघात झालेल्यास आधी सुरक्षितपणा हवा, मग झालेल्या गोष्टीची आठवण व शोक करावयास अवसर हवा, आणि मग तो माणसांत परततो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. राहुटीतील वकिलास यातले काही वाचावयास मिळाले नव्हते. पण धीर धरा असे व्याख्यान देण्यापूर्वी माणसाच्या पायाखालची जमीन त्याची राहिली पाहिजे, आणि त्याच्या हातास स्वतःचे काम मिळाले पाहिजे, हे त्याने ओळखले. त्या हिवाळ्यात शेकडो कुटुंबे राहुट्यांतच कुडकुडत राहिली, तरी ती आपल्या जागेवर राहिली.

सांगण्याचे काम एका बाईने केले. मेरी पॅरिश ही टंकलेखन व लघुलेखन शिकविणारी शिक्षिका. मुलीने खिडकीशी हाक मारली तेव्हा ती वाचीत बसली होती, आणि सशस्त्र माणसे दिसताच पुढे मुलीस घेऊन गोळ्यांतून पळाली. नंतर तिने घरोघरच्या हकिकती ज्याच्या त्याच्या तोंडून उतरवून घेतल्या, नुकसानीची यादी केली, आणि त्यांचे लहानसे पुस्तक छापले. मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी दोष काळ्यांवर ढकलला, ग्रँड ज्यूरीनेही तोच निवाडा दिला; त्यापुढे या शिक्षिकेची वही हाच वस्तीचा जबाब होता. ते पुस्तक २०२१ साली नव्याने प्रसिद्ध झाले.

माउंट झायनच्या मंडळींची गोष्ट तर आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. देऊळ सुमारे ९२ हजार डॉलर खर्चून बांधलेले, त्यातले ५० हजार कर्जाऊ. देऊळ जळाले, दंगलीच्या सबबीवर विमा नाकारला गेला, आणि कर्ज तेवढे शाबूत राहिले! नसलेल्या इमारतीचे ते कर्ज मंडळींनी १९४२ पर्यंत फेडले, व १९५२ साली नवे देऊळ उभारले.

या धीराची स्तुती करावी तितकी थोडी. परंतु स्तुती करताना एक धोका आहे. १९२५ साली काळ्या व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघाची परिषद टल्सातच भरली. वस्ती पुन्हा गजबजली हे पाहून, आता झाले ते झाले, असे म्हणण्यास पुष्कळांस सवड मिळाली. सुमारे अठरा लक्ष डॉलरांचे दावे नगरपालिकेपुढे आले होते. ते जवळजवळ सगळे फेटाळले गेले. मंजूर झाला तो एका गोऱ्या सावकाराच्या दुकानातून नेलेल्या बंदुकांचा! जो उठून उभा राहतो त्यास काही देणे लागत नाही, असा हा न्याय. आणि खुद्द वस्तीतही मौन पसरले. कित्येक आईबापांनी मुलांस या दिवसाची वार्ताही सांगितली नाही. ते मौन भीतीचे होते, हे समजून घेतले पाहिजे. पण त्याचे व्याज पुढील पिढ्यांस भरावे लागले. फ्रँकलिनने १९३१ साली दहा पानांची हकिकत टंकलिखित करून ठेवली, ती उजेडात आली २०१५ साली. त्याची बायकामुले १९२५ साली एकदाची टल्सास आली. त्यांतला धाकटा जॉन होप पुढे अमेरिकन कृष्णवर्णीयांचा अग्रगण्य इतिहासकार झाला.

राज्याने १९९७ साली चौकशी समिती नेमली. तिने २००१ साली वाचलेल्यांस व वंशजांस भरपाई देण्याची शिफारस केली. व्हायोला फ्लेचर या वयाच्या १०७ व्या वर्षी, २०२१ साली, काँग्रेसपुढे साक्ष देण्यास गेल्या. त्यांचा व त्यांच्या सोबत्यांचा भरपाईचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला.

पुढच्याच महिन्यात ओकलॉन स्मशानभूमीतील बेनाम थडग्यांपैकी एकातील अस्थींची ओळख पटली. त्या सी. एल. डॅनियल या पहिल्या महायुद्धातील शिपायाच्या होत्या. त्याच्या आईच्या वतीने तिच्या वकिलाने १९३६ साली सरकारास पत्र लिहिले होते, की मुलगा १९२१ साली टल्सात मारला गेला, तरी आईस काही निर्वाहवेतन मिळावे. ते पत्र सरकारी दप्तरात इतकी वर्षे जपून ठेवलेले होते.