कानिटकर, काशीबाई
(20 जानेवारी 1861 – 30 जानेवारी 1948). मराठीतील पहिल्या पिढीतील कादंबरीकार, कथालेखिका आणि चरित्रकार. माहेरचे आडनाव बापट. जन्म सांगली जिल्ह्यातील आष्टे येथे. नवव्या वर्षी गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी विवाह झाला. गोविंदराव कवी होते, सरकारी न्यायखात्यात नोकरीला होते आणि जॉन स्टुअर्ट मिलचा स्त्रियांच्या परवशतेवरील ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. तरीही काशीबाईंचे शिक्षण म्हणजे पतीने दिलेले दान, असे मानणे अन्यायाचे आहे. सुशिक्षित पत्नी हवी ही गोविंदरावांची इच्छा खरी. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचा विरोध सोसत अक्षरे गिरवली ती काशीबाईंनीच.

‘रंगराव’ ही त्यांची पहिली कादंबरी. ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ मासिकातून ती क्रमशः आली आणि 1903 मध्ये पुस्तकरूप झाली. त्यांना सरसकट ‘पहिली मराठी स्त्री-कादंबरीकार’ म्हणतात, ते बरोबर नाही. साळूबाई तांबवेकरांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ 1873 मध्येच निघाली होती. मात्र अद्भुतरम्य कथेतून बाहेर पडून भोवतालचा संसार कादंबरीत आणणे, हे काशीबाईंचे कर्तृत्व. इंग्रज लेखिका फ्रान्सिस बर्नी यांची ‘एव्हलिना’ ही कादंबरी 1778 मध्ये निनावी प्रसिद्ध झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये फिरत्या वाचनालयांमुळे कादंबरी वाचणाऱ्या स्त्रियांचा मोठा वर्ग तयार होता. काशीबाईंच्या वाट्याला तसा वर्ग आलाच नाही. वाचू शकणाऱ्या मराठी स्त्रियाच मोजक्या होत्या, आणि वाचणाऱ्या बाईकडे घरोघरी संशयाने पाहिले जाई.

‘पालखीचा गोंडा’ (1928) ही त्यांची सर्वांत धाडसी कृती. एका संस्थानाचा कारभार स्त्रियांच्या हाती आला तर काय घडेल, याचे चित्र तीत आहे. स्त्रीचे दुःख सांगणाऱ्या कादंबऱ्या मराठीत तोवर झाल्या होत्या; येथे स्त्री राज्य चालवते, नियम घडवते. बंगालमधील रुकैया हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ (1905) या स्त्रीराज्य कल्पिणाऱ्या कथेशेजारी ती ठेवून वाचावी.

कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांशी त्यांचा भावाबहिणीसारखा स्नेह होता आणि लेखनाविषयी पत्रव्यवहार चाले. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र विशेष मोलाचे आहे. कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र 1888 मध्ये अमेरिकेत निघाले होते. काशीबाईंनी आनंदीबाईंची पत्रे हाताशी घेऊन त्यांच्या सासर-माहेरच्या जगासह ती कहाणी सांगितली. ‘शेवट तर गोड झाला’ आणि ‘चांदण्यातील गप्पा’ हे त्यांचे कथासंग्रह. 1889 च्या मुंबईतील काँग्रेस अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या थोड्या स्त्रियांत त्या होत्या.

त्यांचे अपुरे आत्मचरित्र सरोजिनी वैद्य यांनी संपादून वाचकांपुढे आणले. त्यांचा नामोल्लेख आज बहुधा हरिभाऊंच्या किंवा आनंदीबाईंच्या संदर्भात होतो. ‘पालखीचा गोंडा’च्या लेखिकेला मराठी कादंबरीच्या इतिहासात याहून मोठी जागा हवी.